कॉक कुठे आहे, मामांना विचारा!



ऐन मे महिन्यात आमच्या सोसायटीची पाण्याची मोटार जळाली. चोवीस घरं, वरची टाकी कोरडी. वायरमन म्हणाला, "बेअरिंग झिजलं, रोटर घासला, वाइंडिंग गेलं. बेअरिंग शेवटचं कधी बदललं होतं?"

कमिटीचे आम्ही पाचही जण एकमेकांकडे बघत राहिलो. सेक्रेटरी मीच, त्यामुळे दोष माझाही. कॉक बंद करायचा तर तो कुठे पुरलाय तेही ठाऊक नाही. शेवटी गावी गेलेल्या जुन्या वॉचमन मामांना फोन केला. "तुळशीपासून चार पावलं, फरशीखाली." बरोब्बर तिथेच सापडला!

तीन दिवस टँकर. आजी-आजोबा बादल्या घेऊन रांगेत. वेळेवर बदललेलं बेअरिंग केवढ्यात पडलं असतं, हा हिशोब नंतर केला आणि गप्प बसलो. आता एक वही केलीय: काय दुरुस्त केलं, कधी, कुणी आणि पुढची तपासणी कधी.

आता शहराचा विचार करा. गंगापूर, मुकणे, दारणा इथून पाणी येतं. पंप, जलकुंभ, मैलोन्‌मैल पाइप, जमिनीखालचे व्हॉल्व्ह. एवढ्या पसाऱ्याला वही पुरत नाही, तिथे संगणकच हवा. प्रत्येक पंपाला, व्हॉल्व्हला नंबर, नकाशावर जागा, बसवल्याचं वर्ष. तपासणीची तारीख आली की कामाचा आदेश आपोआप निघतो. एकाच कोपऱ्यावर तिसऱ्यांदा गळती झाली तर तेही दिसतं. मग ठिगळ लावायचं की पाइपच बदलायचा, हे अंदाजाने ठरवावं लागत नाही. केंद्राच्या २००८ च्या निकषांनुसार हिशोबात न येणारं पाणी २० टक्क्यांच्या आत हवं. नोंदीच नसतील तर ते गाठणार कसं?

पण नुसतं सॉफ्टवेअर घेऊन भागत नाही. एसीत बसून भरलेली माहिती काय कामाची? मुरलेल्या व्हॉल्व्हमनला सोबत घेऊन गल्लीगल्ली फिरावं लागेल, तेही तो निवृत्त व्हायच्या आत. त्याच्या डोक्यातला नकाशा हीच खरी इस्टेट आहे.

२०२७ चा सिंहस्थ डोळ्यासमोर आहे. जे नवं बसेल त्याची नोंद त्याच दिवशी व्हावी, खड्डा बुजवायच्या आधी. ही मागणी आपण नागरिकांनी करायला हवी. आणि सुरुवात घरापासून.

तुमच्या सोसायटीचा कॉक कुठे आहे, माहितीये? आज शोधा, लिहून ठेवा.