वेग सोडा, उशीर सांगा

इंटरनेट कंपनीचा माणूस दारात आला की एमबीपीएसचे आकडे सांगतो. शंभर, दोनशे, तीनशे. पिंग किती, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात, हे तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. नेटवर्कच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर माझी नजर आधी या दुसऱ्या आकड्यावरच जाते. तो का पाहायचा, हे घरच्यांना दाखवायची संधी यंदा क्लाउड गेमिंगने दिली.

पुतण्याला गेमिंग पीसी हवा होता. ग्राफिक्स कार्डाची किंमत ऐकून दादाने हात वर केले. मी म्हटलं, आधी महिन्याच्या वर्गणीवर चालणारी सेवा घेऊन बघू. यात गेम आपल्या घरी चालतच नाही. तो चालतो डेटा सेंटरमधल्या संगणकावर. तिथलं चित्र व्हिडिओ होऊन आपल्याकडे येतं आणि आपण दाबलेलं बटण तिकडे जातं. जुना लॅपटॉपही पुरतो.

‘‘म्हणजे यूट्यूबच की,’’ वहिनी म्हणाली.

गोम इथेच आहे. यूट्यूब पुढचे काही सेकंद आधीच उतरवून ठेवतं, त्यामुळे नेट मध्येच अडखळलं तरी कळत नाही. गेमला ही सोय नाही, कारण पुढचं चित्र तुम्ही अजून न दाबलेल्या बटणावर ठरायचं असतं. सेकंदाला साठ चित्रं, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद. बटण दाबल्यावर कंट्रोलर, राउटर, फायबर, सर्व्हरवर चित्र बनणं, ते आकसून पाठवणं, इकडे उलगडणं आणि शेवटी टीव्ही, असा प्रत्येक टप्पा आपला वाटा उचलतो. सगळं मिळून शंभर मिलिसेकंद झाले तर? ताशी १४० किलोमीटरचा चेंडू तेवढ्यात जवळपास चार मीटर पुढे आलेला असतो. बुमराहसमोर एवढ्या उशिरा बॅट उचलून बघा!

अंतराचा हिशेबही सोपा आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद तर निव्वळ भौतिकशास्त्राचे, आणि समुद्रातली केबल काही सरळ रेषेत जात नाही. हा उशीर कुठलंही महागडं पॅकेज कमी करू शकत नाही. म्हणून सेवा घेताना तिचं सर्व्हर कुठे आहे, हे पहिलं विचारायचं. आम्ही घेतलेल्या सेवेचं मुंबईत होतं. पुण्याला त्याहून बरं काय हवं?

तरीही पहिल्या संध्याकाळी हॉलमधून ओरडा आला, ‘‘काका, दाबतोय तरी उडीच मारत नाही हा!’’

स्पीड टेस्ट झकास होती. मी पिंग लावून ठेवला. आकडे दहाच्या आसपास चालले होते, मध्येच दीडशेच्या वर उसळत होते. राउटर आतल्या खोलीत कपाटावर, टीव्ही हॉलमध्ये, मध्ये दोन भिंती आणि वाय-फाय २.४ गिगाहर्ट्‌झवर. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात काम करतो. पण खरा चोर निराळाच निघाला. दादाचा फोन सहलीचे फोटो बॅकअपला चढवत होता. अपलोडची वाट भरली की राउटरमध्ये पॅकेटांची रांग लागते आणि बटणाचं एवढंसं पॅकेट त्या रांगेत मागे उभं राहतं. वेग भरपूर आणि उशीरही भरपूर, असं एकाच घरात एकाच वेळी असू शकतं ते असं.

बॅकअप रात्रीवर टाकला. दाराच्या चौकटीकडेने लॅन केबल ओढली. वहिनीने नाक मुरडलं, पण पिंगची उसळी थांबली. मग टीव्हीच्या मेनूत जाऊन गेम मोड चालू केला. चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात टीव्ही स्वतःच काही चित्रं अडवून ठेवतो, हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. उडी वेळेवर बसू लागली.

मोबाइल डेटावर खेळायचा विचार असेल तर एवढंच सांगतो: २५ एमबीपीएसने तासाला अकरा जीबीच्या वर डेटा जातो. रोजचा दोन जीबीचा पॅक दहा-अकरा मिनिटांत संपेल.

आणखी एक धोका आहे, तो तांत्रिक नाही. अमेरिकेत २०१० साली सुरू झालेली ‘ऑनलाइव्ह’ ही अशीच सेवा २०१५ मध्ये बंद पडली. गूगलची ‘स्टेडिया’ नोव्हेंबर २०१९ मध्ये आली आणि १८ जानेवारी २०२३ रोजी मिटली. भारतात ती आलीच नाही. गूगलने लोकांचे गेमचे पैसे परत केले, हे खरं. प्रत्येक कंपनी करेलच असं नाही. तंत्र चांगलं असलं म्हणजे धंदा टिकतो, यावर माझा विश्वास नाही.

तर माझं मत असं: गोष्टीवर चालणारे गेम, कोडी, डावपेचाचे गेम आणि हौसेपुरती गाड्यांची शर्यत यांना क्लाउड उत्तम. नेमबाजीच्या स्पर्धांत जिंकायचंय त्याने पैसे साठवून पीसीच घ्यावा. करून बघायचं असेल तर एका महिन्याची वर्गणी भरा, केबल ओढा आणि घरात सगळ्यांचे फोन चालू असताना खेळून बघा. वर्षाचे पैसे पहिल्याच दिवशी भरू नका.