खिमा, पोई आणि आजीचा बलकांव

रविवारी भावंडं, पोरंबाळं सगळी जमली की हल्ली आमच्याकडे एकच फर्माईश असते, खिमा-पाव! मुंबईच्या इराण्याकडचा रसदार खिमा वेगळा. आमचा कोरडा, सुटा. पोईत भरून खायचा. वाढायची कटकट नाही, ज्याने त्याने आपली पोई भरावी.

दहा जणांना दीड किलो बोकडाचा खिमा पुरतो. धुऊन चाळणीत चांगला निथळू द्यावा. पाच-सहा कांदे तांबूस परतून त्यात आलं-लसणीचं वाटण, हिरवी मिरची, हळद, मिरी-लवंग-दालचिनीची पूड आणि मग खिमा. मोठ्या आचेवर डावाने सतत मोडत राहायचं, नाहीतर गोळे होतात. मीठ घालून, झाकण ठेवून शिजवायचा आणि शेवटी झाकण काढून पाणी पार आटवायचं. पोई भट्टीत फुगून आत पोकळ होते. बाजूने चीर दिली की झाला खिसा. पण खिमा ओला असेल तर तो फाटलाच म्हणून समजा.

शेजारच्या आंटी हाच प्रकार बीफचा करतात. त्या आंबटपणासाठी माडाच्या सुरेचं व्हिनेगर घालतात, आम्ही सोलांचं आगळ. बाकी कृती तीच. पोदेरही एकच.

पाव गोव्यात आणला पोर्तुगिजांनी. शब्दही त्यांचाच, पायाने पीठ मळतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती खोटी. पीठ फुगवायला पूर्वी माडाची सूर वापरत. याच पावाचा तुकडा विहिरीत पडला आणि पाणी प्यालेला गाव बाटला, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकली आहे. मला त्या गोष्टीत पाव टाकणाऱ्यापेक्षा दुसराच माणूस दिसतो : बाटलेल्या भावाला परत घरात न घेणारा. तुकड्याने काय व्हायचं होतं? दार आपल्याच माणसांनी लावून घेतलं.

माझी आजी पोदेराकडून पाव घ्यायची, बरं का! घरात कुणाला ताप आला की चहा-पाव द्यायची. पण तो बलकांवात बसून खायचा. स्वयंपाकघराचा उंबरठा पावाने तिच्या हयातीत ओलांडला नाही. पाव खाऊन आलेल्या आम्हा पोरांना चूळ भरल्याशिवाय आत प्रवेश नसे.

आई आज ७८ वर्षांची आहे. सोमवार, एकादशी काटेकोर पाळते. रविवारी मात्र स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पोईला स्वतः चीर देते आणि मीठ कमी पडलं तर तसं सांगतेही. एकदा तिला विचारलं, आजीला पावाची एवढी कसली गो भीती?

"पावाची नव्हती," आई म्हणाली, "लोकांची होती."

असो. करून बघा. पोई मात्र त्याच दिवसाची घ्या, शिळी पोई चामड्यासारखी चिवट होते.