भ्यालेल्याची भाषा

कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथून १९९३ साली पशुवैद्यकाची पदवी घेऊन सोफिया यिन यांनी रुग्णसेवा आरंभली. लवकरच त्यांच्या ध्यानात आले, की रोगांपेक्षा वर्तनाच्या तक्रारींमुळेच अधिक पाळीव प्राण्यांना मरणाचे इंजेक्शन दिले जाते. चावणाऱ्या कुत्र्यावर त्यांच्या औषधपेटीत उतारा नव्हता. तेव्हा त्या त्याच विद्यापीठात पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. त्यांनी कुत्र्यांच्या भुंकण्याचा अभ्यास केला.

तपासणीच्या टेबलावर दात विचकणारा कुत्रा बहुधा उद्दाम नसतो, तो भ्यालेला असतो. त्याला बळाने दाबून धरले, की आजचे काम उरकते. मात्र भय दुणावते आणि पुढल्या खेपेस तो दारातूनच गुरगुरू लागतो. यिन यांनी पशुवैद्यांना निराळी रीत शिकवली: हळूच स्पर्श करावा, लगेच खाऊ द्यावा, आणि स्पर्शामागून खाऊ येतो हे त्याच्या मनात ठसेपर्यंत घाई करू नये. २००९ साली याच रीतीवर त्यांचा ग्रंथ निघाला.

२०१४ साली त्या निवर्तल्या. ‘हा असा का वागतो?’ हा प्रश्न मालकाने वेळीच विचारला, तर सुईपर्यंत गोष्ट जात नाही.