गाडी सोडू नकोस

खारघर, सेक्टर 12
20 जून 2024

चि. सायली हिस,


परवा रात्री ताईचा फोन आला. ईशानच्या जुलैच्या सुट्टीत तू, ओंकार, ताई आणि तो असे तुम्ही चौघं ॲडलेडहून ॲलिस स्प्रिंग्जला गाडीने निघताय, आणि तेही डांबरी हमरस्त्याने सरळ न जाता मरी, विल्यम क्रीक, ऊडनाडाटा अशा कच्च्या वाटेने, हे ऐकून मला फार आनंद झाला. मग रात्री झोप लागली नाही. तासाभराने उठून दिवा लावला आणि तू पाठवलेली सामानाची यादी पुन्हा वाचली. टपावर बसवायचा तंबू, फ्रिज, जादा दिवे, घडीच्या खुर्च्या, शेगडी, ईशानची सायकल. सगळं नीट आठवणीने लिहिलंयस. पण त्या यादीत एकही पाना नाही.

फोनवर बोलताना ताई मध्ये मध्ये बोलते, ईशानला काहीतरी दाखवायचं असतं, आणि खरं सांगायचं ते राहून जातं. म्हणून कागदावर लिहितोय. याचा फोटो आज पाठवतो, पण तू तो छापून गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेव. जिथे तो लागेल तिथे फोनला रेंज नसणार.

तुला आमच्या लडाखच्या प्रवासातली एक गोष्ट मी कधी सांगितली नाही, कारण ताईला कळू द्यायची नव्हती. 2013 साली मी आणि माझा एक मित्र बोलेरो घेऊन मनालीहून लेहला गेलो. टांडीच्या पंपावर तेव्हा पाटी होती की पुढचा पंप 365 किलोमीटरवर आहे. आम्ही डबे भरून घेतले, स्वतःवर खूश होतो. पांगच्या पुढे मोरे मैदानात मागचं डावं चाक बसलं. स्टेपनी होती, जॅक होता, टॉमी होती. नट मात्र हलेना. निघण्याआधी एका गॅरेजवाल्याने हवेच्या गनने ते इतके आवळले होते की मी दोन्ही पायांनी टॉमीवर उभा राहिलो तरी उपयोग नाही. एसटीच्या वर्कशॉपमध्ये माझी सगळी नोकरी गेली, हजारो चाकं या हातांनी उतरवली, आणि पंधरा हजार फुटांवर मी स्वतःच्या गाडीच्या पाच नटांपुढे बसून होतो. वीस-पंचवीस मिनिटांनी लष्कराचं सामान नेणारा एक ट्रक आला. ड्रायव्हरने लांब लोखंडी पाइप काढला, टॉमीवर चढवला, आणि नट सुटले. चहासुद्धा पाजला त्याने.

त्या दिवशी आम्ही वाचलो ते माझ्या कौशल्याने नाही. वीस मिनिटांत ट्रक आला म्हणून वाचलो. आपल्या देशात तो येतोच गं. इथे सायन-पनवेल रस्त्यावर गाडी बंद पडली तर झाडाखाली टायर टांगलेला पंक्चरवाला दिसेपर्यंत ढकलत न्यायची. कळंबोलीच्या स्टील मार्केटजवळ मध्यरात्रीही पाटे बदलणारा मिस्त्री उठवता येतो. त्यामुळे आपल्या अंगात एक सवय मुरलेली आहे: गाडी अडली की दार उघडायचं आणि माणसांच्या दिशेने चालू लागायचं. तुझ्या वाटेवर मरी ते विल्यम क्रीक दोनशे किलोमीटर, तिथून ऊडनाडाटा जवळजवळ तेवढंच, आणि तिथून मार्ला पुन्हा तेवढंच. मधे वस्ती नाही म्हणावी अशी. तिथे ही सवय जीवघेणी आहे.

मरीहूनच दुसरा एक रस्ता बर्ड्सव्हिलला जातो. 1963च्या नाताळात त्या रस्त्यावर आई, वडील आणि तीन मुलगे असं एक कुटुंब वाट चुकलं. पेट्रोल संपलं. ऐन उन्हाळा, पाणी थोडं. ते गाडी सोडून निघाले, आणि पाचही जण तहानेने गेले. हे मी ताईला सांगणार नाही, तूही सांगू नकोस. पण तू आणि ओंकार दोघांनी एकदा शांत बसून हे मनात पक्कं करा की काहीही झालं तरी गाडीजवळून हलायचं नाही. गाडी सावली देते, वरून विमानाला दिसते, माणूस दिसत नाही. तुमचा जुलै म्हणजे हिवाळा, उन्हाचा तो मार नाही, पण रात्री पारा शून्याजवळ उतरतो, आणि ताई सदुसष्टची आहे.

म्हणून माझ्या दृष्टीने गाडीची तयारी दोन प्रकारची. गाडी थांबू नये म्हणून एक, आणि थांबलीच तर चार दिवस तिच्याजवळ बसता यावं म्हणून दुसरी. लोक पहिलीवर पैसे घालतात आणि दुसरी विसरतात.

पहिलीचं सांगतो. परवा शनिवारीच गाडी गॅरेजला दे. निघायच्या आदल्या दिवशी नको. नवा बसवलेला भाग बिघडायचा असेल तर पहिल्या तीन-चारशे किलोमीटरमध्ये बिघडतो, तो ॲडलेडात बिघडू दे. रेडिएटरचे वरचे आणि खालचे होस पाइप इंजिन गार असताना दाबून बघायला सांग. भेगाळलेले किंवा मऊ पडलेले वाटले की बदल. फॅनबेल्ट बदल. आणि काढलेला जुना बेल्ट टाकू नकोस, गुंडाळून सीटखाली ठेव. तो तुझ्याच गाडीचा आहे, चालत होता, बसेल याची खात्री आहे. कूलंट, ब्रेकचं तेल, बॅटरीची पकड, शॉकअपची गळती, हे सगळं लिफ्टवर गाडी चढवून तू स्वतः खाली उभी राहून बघ. ते लोक बोलावतील, संकोच करू नकोस. एअर फिल्टर एक नवा बसव आणि एक बरोबर घे, तिथली लाल धूळ पिठासारखी बारीक असते, ती सगळीकडे शिरते.

आणि त्या गॅरेजमधून बाहेर पडण्याआधी चारही चाकांचे नट त्यांच्यासमोर हाताने सोडवून बघ. तुझ्या हाताने, ओंकारच्या नाही. त्याला काही झालं तर चाक तुलाच बदलायचं आहे. सुटले नाहीत तर सैल करून टॉर्क पान्याने मापात आवळून घे. माझ्या लडाखच्या गोष्टीचा एवढाच फायदा तुला देता येतो, तो घे.

आता टायर. दुसरी पूर्ण मापाची स्टेपनी घेच, पंक्चरच्या काड्या आणि हवेचा छोटा पंप, शिवाय हवा मोजायचं साधं मीटर. त्या वाटेवर ओळीने बारीक उंचवटे असतात, पत्र्याच्या छपरावरून गाडी चालवल्यासारखं वाटतं. टायरमध्ये डांबरी रस्त्याची 36 हवा असेल तर तिथे 28च्या आसपास उतरव आणि वेग 80च्या खाली ठेव. हवा कमी केली की टायर दगडाभोवती वाकतो, फाटत नाही, आणि गाडीचे सांधेही वाचतात. पण कमी हवेवर वेगाने पळवलं की टायर तापतो आणि फुटतो. डांबर लागलं की आधी हवा भर, मग पळव. आणि रोज संध्याकाळी मुक्कामावर पोचल्यावर, चहा टाकण्याआधी, पाना हातात घेऊन गाडीभोवती एक फेरी मार. त्या थरथराटात टपाच्या कॅरियरचे बोल्ट, बॅटरीची पकड, मडगार्डचे स्क्रू, सगळं सैल होतं. एसटीत आमच्याकडे ड्रायव्हर रात्री गाडी लावताना दिवसभरात काय वाजलं, काय ओढलं ते वहीत लिहून द्यायचा. ती वही वाचून आम्ही रात्री काम करायचो, म्हणून सकाळी गाडी बाहेर पडायची. तूही वही ठेव. नवा आवाज कधी सुरू झाला हे दोन दिवसांनी आठवत नाही.

तंबूबद्दल. टपावर तंबू, त्यावर सायकल, बाजूला डिझेलचे डबे, असं झालं की गाडीचा तोल वर चढतो आणि खडीवर वळणात ती पलटी मारायला बघते. प्रत्येक गाडीच्या टपाला वजनाची मर्यादा असते, पुस्तिकेत आहे, ती वाच. 29 तारखेला सगळं सामान भरून, चौघं बसून, सार्वजनिक वजनकाट्यावर गाडी चढवा, आणि मग तशीच बरोसा व्हॅलीपर्यंत जाऊन या. जड सामान खाली, चाकांच्या मधे. सायकल घरी ठेव. ईशान रडला तर मला फोन लावून दे, मी समजावतो.

ओंकार म्हणत होता की एवढ्या वाटेला गाडी उंच करून घ्यावी, मोठी चाकं लावावीत. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण माझ्या लहानपणात आहे. 1968 साली लंडन ते सिडनी अशी मोटारींची शर्यत झाली. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान करत त्या गाड्या दिल्लीवरून आपल्या मुंबईला आल्या आणि इथून चुसान नावाच्या बोटीवर चढून ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटल बंदराला गेल्या. मी दहा वर्षांचा होतो, आमच्या घरात महिनाभर दुसरा विषय नव्हता. लंडनहून 98 गाड्या निघाल्या होत्या, सिडनीला 56 पोचल्या. मुंबईत जो पहिला होता तो जिंकला नाही. शेवटच्या दिवशी जी सित्रोएन पुढे होती तिला समोरून येणाऱ्या गाडीची टक्कर झाली. जिंकली अँड्र्यू कॉवनची हिलमन हंटर, बाजारहाटाला न्यावी अशी घरगुती गाडी. ती झपाट्यासाठी नाही, न मोडण्यासाठी तयार केलेली होती. तुझी प्राडो त्यापेक्षा किती तरी दणकट आहे. कंपनीने जी चाकं, जी उंची दिली तिच्यावर हजारो माणसांचा अनुभव आहे. नवं काही बसवलं की त्याचा पहिला अनुभव तुम्ही घेणार.

दुसरी तयारी, थांबण्याची. पाणी माणशी रोज पाच लिटर धर, चौघांना चार दिवसांचे 80 लिटर, आणि ते राखीव. रोजच्या वापराचं वेगळं. एका मोठ्या टाकीत नको, चार डब्यांत ठेव, एक फुटला तरी तीन उरतात. त्या वाटेचा इतिहासच पाण्याचा आहे. जमिनीखालचं पाणी जिथे झऱ्याच्या रूपाने वर येतं, त्या झऱ्यांच्या ओळीने ती वाट गेली. तिथून 1872ची तारेची लाइन गेली, मग जुनी रेल्वे. आणि त्याआधीपासून सामान वाहत होते ते उंट आणि उंटवाले, अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाबातून आलेले. गोरे लोक सगळ्यांना अफगाणच म्हणायचे, त्यावरून त्या रेल्वेचं नाव घान पडलं. मरीला त्यांची मातीची मशीद होती, तिची प्रतिकृती आहे, ताईला आणि ईशानला दाखव. त्या माणसांना पुढचं पाणी किती मजलांवर आहे हे पाठ असायचं. तू प्रत्येक ठिकाणाहून निघताना पुढचं पाणी आणि पुढचं डिझेल कुठे, हे ईशानला मोठ्याने म्हणायला लाव. आणि पंप चालू आहे का हे आदल्या दिवशी फोन करून विचार, नकाशावर विसंबू नकोस.

406 मेगाहर्ट्झचा खिशातला बीकन घे. त्याला सिमकार्ड नाही, महिन्याचं बिल नाही. बटण दाबलं की उपग्रहातून थेट शोधपथकाला ठिकाण कळतं. तुमच्याकडे तो सरकारकडे फुकट नोंदवता येतो, नोंदवताना इथला माझा नंबरही दे. शिवाय यूएचएफ रेडिओ, चॅनल 40 वर ट्रकवाले बोलतात. तिथले रोड ट्रेन 53 मीटरपर्यंत लांब असतात. असा समोरून आला की बाजूला थांब, काचा लाव, धूळ बसेपर्यंत हलू नकोस. घाई करून ओलांडायला जाऊ नकोस, मागून दुसरा असू शकतो. आणि सूर्य कलला की गाडी थांबव. कांगारू संध्याकाळी आणि पहाटे रस्त्यावर येतात, आणि ते बाजूला होतील असा भरवसा धरता येत नाही.

पाऊस पडला तर ती वाट बंद करतात. चिखलात चाकांचे ठसे उमटले की महिनाभर रस्ता बिघडतो, म्हणून बंद रस्त्यावर गेलं तर दंड आहे. तेव्हा मरीलाच दोन दिवस बसायची तयारी ठेव, किंवा परत फिरून डांबरी रस्त्याने जा. पोचलंच पाहिजे असं मनात धरून निघू नका. इथे दर पावसाळ्यात पांडवकड्याच्या धबधब्यावर माणसं बंदी मोडून जातात आणि मी खिडकीतून ॲम्ब्युलन्स जाताना बघतो. मला ते आता बघवत नाही.

ताईच्या बीपीच्या गोळ्या दोन जागी ठेव, एक तिच्या पर्समध्ये, एक तुझ्याकडे. तिला दर दोन तासांनी खाली उतरव, ती सांगणार नाही पण तिचे गुडघे धरतात. पुढची सीट तिला दे. ती लहानपणी आमच्या दादांच्या जीपमध्ये पुढेच बसायची, मी मागे, आणि रस्ताभर ती मला सांगायची की आता गाय आली, आता पूल आला. तिला ते करू दे. वाळवंटात रस्त्यावर नजर ठेवणारा दुसरा माणूस लागतोच.

शनिवारी गॅरेजमधून आल्यावर फोन कर. नट हाताने सुटले का, एवढंच आधी सांग.

तुझा,
मामा