शहर हरवलेले शाहीर

१/८
१७ नोव्हेंबर १८१७. शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. इतिहासाची पुस्तके इथे प्रकरण मिटतात. पण पेशव्यांच्या आश्रयाने ज्यांची कवने बहरली, त्या शाहिरांच्या गाण्यांत पुणे पुढेही नांदत राहिले. त्या पुण्याचा हा धागा.

२/८
दुसऱ्या बाजीरावाच्या काळी लावणी ऐन भरात होती. सोलापूरचा राम जोशी ब्राह्मण, होनाजी गवळी, सगनभाऊ मुसलमान शिकलगार, तर प्रभाकर मूळचा कोकणातला. जातींच्या भिंती पक्क्या असलेल्या काळात हे सारे एकाच कलेत नावारूपाला आले.

३/८
त्यांची लावणी केवळ शृंगाराची नव्हती. पती मोहिमेवर गेलेला, घरात एकटी स्त्री वाट पाहते आहे, हा तिचा आवडता प्रसंग. लष्करी राजधानीतील घरोघरचा विरह त्यात उतरला. पैठणी, नथ, विडा अशा तपशिलांतून शहराची श्रीमंतीही नोंदली गेली.

४/८
पुढे शतकाअखेरीस अर्जेंटिनातील ब्यूनोस आयरेस या बंदरात टँगो जन्मला. इटली-स्पेनहून आलेले कष्टकरी, दाटीवाटीच्या चाळी, जर्मनीहून आलेले बांदोनिऑन हे वाद्य. लावणीप्रमाणेच प्रतिष्ठित घरांनी आधी नाक मुरडले. १९१७ मध्ये कार्लोस गार्देलने ‘मि नोचे त्रिस्ते’ ध्वनिमुद्रित केले आणि विरह हा टँगोगीताचा प्राण ठरला.

५/८
दोहोंत एक भेद मात्र मोठा आहे. टँगोतला माणूस अनेकदा आपली वस्ती सोडून जातो आणि तिच्यासाठी झुरतो. पुण्यात माणसे जागच्या जागी राहिली. शहरच त्यांच्यातून निघून गेले.

६/८
१८१८ मध्ये बाजीराव शरण आला आणि सालीना आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्तास गेला. १८२८ च्या आगीत शनिवारवाडाही भस्मसात झाला. दरबार गेला, तसा आश्रयही आटला.

७/८
प्रभाकराने सवाई माधवरावांच्या रंगपंचमीचा थाट गायला होता. त्याच लेखणीने पुढे बाजीरावाच्या पडत्या काळाचा पोवाडाही रचला. एवढे वैभव कशाने सरले, हा त्यातला खरा प्रश्न. तहांच्या कलमांत त्याचे उत्तर सापडते. पण शाहिराला कारणांइतकाच अर्थही हवा होता. उद्ध्वस्त शहरात जगणाऱ्याला नुसती तारीख पुरत नाही.

८/८
१८९१ मध्ये ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह छापला. मुखोद्गत कवनांना कागद मिळाला. १९५१ मध्ये व्ही. शांतारामांच्या ‘अमर भूपाळी’ने होनाजीला पडद्यावर आणले. शनिवारवाड्याचा आज चौथरा, तट आणि दरवाजे उरले आहेत. होनाजीची भूपाळी मात्र कुठल्याशा घरात पहाटे अजूनही लागते, आणि ऐकणाऱ्याला पेशवाईची आठवणही होत नाही.