शांत वस्तींतील घर

आमच्या पुतण्यानें गेल्या महिन्यांत ओसाका शहराहून एका विकाऊ घराचा नकाशा धाडून आमचा सल्ला विचारला. सल्ला विचारला जाण्याचें भाग्य आमच्या वयाला आतां क्वचितच लाभतें. म्हणून चष्मा पुसून, सौभाग्यवतींना जवळ बसवून, आम्हीं तो कागद मोठ्या गांभीर्यानें वाचावयास घेतला.

घर १९७४ सालचें, उपनगरांतील, दुमजली, लांकडी, दक्षिणाभिमुख. खोल्या सात. खोल्यांचें माप तातामींत, म्हणजे तेथल्या चटयांत, दिलेलें: ही सहा चटयांची, ती आठ चटयांची. माणसानें किती पसरावें हें चटईवरून ठरविणारा समाज आम्हांस फार आवडला. स्थानकापासून १४ मिनिटांची वाट. आणि हीं मिनिटें विकणाऱ्याच्या मर्जीचीं नव्हेत, मिनिटास ८० मीटर असा तेथें नियमच आहे. आमच्या शहरांतील जाहिरातींचीं 'पांच मिनिटें' आठवून आम्ही क्षणभर खिन्न झालों.

"देवघर कुठें?" सौभाग्यवतींनीं विचारलें. आठ चटयांच्या खोलींत एक कोनाडा दाखविला होता. तो बुत्सुदानाचा, म्हणजे ज्यांत बुद्धमूर्ति आणि घरांतील गेलेल्या माणसांच्या नामपट्टिका ठेवतात त्या देव्हाऱ्याचा. घर विकण्यापूर्वीं भिक्षूला बोलावून त्यांतील प्राण काढून घेण्याचा विधि करतात, असें पुतण्यानें लिहिलें होतें. सौभाग्यवती बराच वेळ बोलल्या नाहींत.

जाहिरातींत 'शांत निवासी वस्ती' असे शब्द होते. ते तिकडच्या जाहिरातींत ठरलेलेच असतात म्हणे. पुतण्या एका रविवारीं तेथें जाऊन आला. आंगणें स्वच्छ, झाडें कातरलेलीं, आणि तासाभरांत भेटलीं तीं तीन वृद्ध माणसें. मूल एकहि नाहीं. २०२३ च्या सरकारी पाहणींत जपानांत सुमारें ९० लक्ष घरें रिकामीं आढळलीं. शंभरांत जवळजवळ चौदा! शांतता अशीहि मिळते.

खालीं आणखी एक ओळ होती: 'जुन्या घरासह जमीन'. म्हणजे किंमत काय ती जमिनीची. सात खोल्या वर फुकट. लांकडी घराचें आयुष्य करासाठीं २२ वर्षेंच धरतात. उलट, घर पाडावें तर जमिनीवरील कराची सवलत जाते. कारण घर उभें असेल तर पहिल्या २०० चौरस मीटरांवर कर एक-षष्ठांश मूल्यावरच बसतो. म्हणून पुष्कळ वारस विकीतहि नाहींत, पाडीतहि नाहींत. कित्येकांनीं तर कागदावरील वडिलांचें नांवहि बदललें नाहीं. अखेर एप्रिल २०२४ पासून सरकारनें वारसनोंद सक्तीची केली.

येथें आम्हीं कागद खालीं ठेवला. कोंकणांतील आमच्या घराच्या उताऱ्यावर अद्यापि आजोबांचेंच नांव आहे. माजघराचें छप्पर दोन पावसाळ्यांपूर्वीं बसलें. वारसांत पुतण्याचेंहि नांव येतें.

त्यास आम्हीं लिहिलें कीं, १९८१ चे भूकंपाचे कडक नियम होण्यापूर्वींचें हें घर आहे, तरी खांब-तुळया जाणत्याकडून तपासून घे, आणि मग अवश्य घे. तुझ्या दोन मुलींनीं त्या पडवींत धांवावें. कोंकणांतील घराविषयीं त्यानें विचारलें नव्हतें. आम्हींहि लिहिलें नाहीं. सौभाग्यवतींनीं तेवढी एक ओळ खालीं घालावयास लावली: देव कोणत्या भिंतीशीं मांडणार, तें कळव.