आज्ञावलीचे व्याकरण

यंत्रासाठी लिहावयाची आज्ञावली यंत्रानेच लिहावी, ही आकांक्षा नवी नाही. १९५७ साली आयबीएमची फोर्ट्रान भाषा आली, तेव्हा तिलाही स्वयंचलित आज्ञालेखनच म्हणत. आज या आकांक्षेला दोन वाटा फुटल्या आहेत, आणि पुण्यात एका पतसंस्थेच्या हिशेबाची आज्ञावली करणारा माझा भाचा त्या फाट्यावर उभा होता. "मामा, तुम्ही व्याकरण शिकविता, तुम्हीच कौल द्या," असा त्याचा बैहरला फोन आला. ठेवीदारांत निवृत्त माणसे बरीच. व्याजातली चूक कोणाच्या तरी औषधपाण्याच्या पैशांत होणार.

पहिली वाट पुण्यातच चांगली मळलेली आहे. टाटांची टीआरडीडीसी ही संशोधनसंस्था तेथे १९८१ मध्ये निघाली. तिच्यातील विनय कुलकर्णी व श्रीधर रेड्डी यांनी २००३ साली या पद्धतीचे विवेचन प्रसिद्ध केले. व्यवहाराचा नेमका आराखडा मांडावयाचा आणि ठरलेल्या नियमांनी त्यातून आज्ञावली घडवावयाची; धातूला प्रत्यय लावून रूप सिद्ध करावे तसे. नियमात चूक सापडली, तर ती एका ठिकाणी सुधारून सारी रूपे पुन्हा घडविता येतात. मात्र घाईने कोणी तयार आज्ञावलीतच हाताने खाडाखोड केली, तर पुढच्या खेपेस ती पुसली जाते. आराखड्याचे कष्टही थोडे नाहीत.

दुसरी वाट कानाची. २०२१ मध्ये कोपायलट आणि २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले. अफाट लिखाणावर पोसलेली ही यंत्रे साध्या बोलीतले सांगणे घेऊन आज्ञावली लिहून देतात. आमच्याकडची मराठी घरांतली मुले अशीच, व्याकरणावाचून बोलतात. सारे सुरळीत, आणि मध्येच "मी जाऊन राहिलो". (त्या वाक्यावर माझा जीव आहे, ही गोष्ट निराळी.) यंत्राची चूकही अशीच सफाईने येते, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारल्यास उत्तर बदलूही शकते.

व्याज व दंड आराखड्यातून घडवावेत. पावत्या, सूचना कानाच्या यंत्राकडून लिहवून माणसाने वाचाव्यात, असे मी सुचविले. दोन पद्धती सांभाळण्यास माणसे कोठून आणू, हा भाच्याचा आक्षेप खरा होता. तरी व्याजाबाबत मी हटलो नाही, आणि त्याने ते मानले.

पण आराखडाच बरोबर कशावरून? त्यासाठी पतसंस्थेचे जुने हिशेबनीस वहीत नमुने सोडवीत आहेत. एकोणचाळीस जुळले, २९ फेब्रुवारीला मुदतीपूर्वी मोडलेल्या ठेवीवरून त्यांचा आणि भाच्याचा वाद अद्याप चालू आहे.